पोरगं म्हणतंय, मला नोबिता व्हायचंय

पत्र सोलापूरहून आलंय, एका आईचं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी थोडक्यात असं:

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, घरात सासूसासरे. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आहे, त्यात वेशभूषा स्पर्धा, विषय 'माझा आदर्श', ड्रेस घालून दोन मिनिटं बोलायचं. घरात शिवाजी महाराज ठरले, ड्रेपरीवाल्याकडं जिरेटोपाचं माप देऊन झालं आणि पोरानं जाहीर केलं, मला नोबिता व्हायचंय, डोरेमॉनच्या कार्टूनमधला तो. सासरे भडकले, "शून्य मार्क घेणारं, रडकं, रोज मार खाणारं पोरगं, हा आदर्श?" नवऱ्याचं म्हणणं, कार्टूनच पाहिजे तर छोटा भीम कर, निदान आपला तरी आहे. मुलगा ऐकायला तयार नाही. बाकी तक्रारी: घरात 'मम्मी, मुझे भूख लगी है' सुरू झालंय. मध्ये शिनचॅनचं कार्टून बघून आजीला उलटं बोलायला लागला होता. एकदा पाढ्यांच्या वहीवर पोळी दाबून खाल्ली, कारण डोरेमॉननं नोबिताला तसा ब्रेड दिला होता. मागच्या गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज बघायला नेलं तर हा फुगेवाल्याकडच्या डोरेमॉनपाशीच अडकून बसला. आणि शेवटी एक ओळ: रिक्षातली मोठी पोरं चिडवतात वाटतं, पण तो काही सांगत नाही, नुसतं म्हणतो, "माझ्याकडं पण डोरेमॉन पायजे."

त्यांचे प्रश्न: कार्टूनमधलं पात्र मुलांचा आदर्श असू शकतं का? असेल तर चांगलं कोणतं ते सांगा, म्हणजे तेच दाखवीन. आणि हा नोबिता कसा सोडवू?

*

ताई, पोळीचं वाचून मी आधी पोटभर हसले. कडक भाकरी घेतली नाही हे नशीब समजा, पानच फाटून हातात आलं असतं.

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण मला सगळ्यात जड वाटली ती रिक्षाची ओळ, जी तुम्ही पत्र संपवता संपवता घाईत लिहिलीय. तिच्याकडं येतेच. त्याआधी आदर्शाचं बघू, कारण घरात वाजलंय ते त्यावरनं.

मला एक सांगा, तुमचा मुलगा नोबिताला आदर्श मानतो हे ठरवलं कुणी? विषय शाळेनं दिला, तुम्ही विचारलंत कोण व्हायचंय, त्यानं जो आवडतो त्याचं नाव घेतलं, संपलं. सात वर्षांच्या पोराला 'मला याच्यासारखं व्हायचंय' आणि 'हा माझ्यासारखा आहे' हे दोन वेगवेगळं करून सांगता येत नाही हो, आपल्याला तरी कुठं येतं नेहमी. तुमच्या सगळ्या घरानं पहिलं ऐकलं आणि सगळे घाबरले. मला वाटतंय तो दुसरं म्हणत असावा. आणि तसं असेल तर 'नोबिता कसा सोडवू' हा प्रश्नच बदलतो, आधी बघावं लागतं की तो धरलाय कशासाठी.

सासरेबुवांना सांगा की तुमचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे, नोबिता आदर्श म्हणून काढलेलाच नाही. फुजिको एफ. फुजिओ नावाच्या जपानी चित्रकारानं ही गोष्ट 1969 च्या डिसेंबरात मुलांच्या मासिकांतनं सुरू केली आणि तिची सुरुवातच अशी आहे की हा पोरगा पुढं इतका घोळ घालून ठेवतो की त्याच्या खापरपणतवंडांपर्यंत कर्ज पोचतं, म्हणून बाविसाव्या शतकातनं एक रोबो मांजर, म्हणजे डोरेमॉन, पाठवतात, जा बाबा, याला जरा सांभाळ. म्हणजे नापास पोरगा, पण त्याला सांभाळायला कुणीतरी येतंय, अशी ती गोष्ट. मोठी माणसं फक्त नापास बघतात. पोरं बघतात की कुणीतरी आलंय. (आणि सासऱ्यांना हेही सांगून बघा की 2008 साली जपानच्या परराष्ट्र खात्यानं डोरेमॉनला जपानी कार्टूनचा, म्हणजे अ‍ॅनिमेचा राजदूत नेमलं होतं, रीतसर. फरक पडणार नाही, पण चहाला विषय होईल.)

आता तुमचं गृहीत असं दिसतंय की चांगलं पात्र दाखवलं की पोरगं चांगलं होतं, वाईट दाखवलं की वाया जातं, त्यामुळं मी एक चांगलं नाव द्यायचं आणि तुम्ही ते लावून द्यायचं. इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. पोरं चिवड्यातले शेंगदाणे वेचावेत तसं पात्रातनं आपल्याला हवं तेवढंच वेचतात, बाकी तसंच ठेवतात. शेवटी जी शिकवण सांगतात ना, ती तर बहुतेक वेळा ताटातच राहते. अमेरिकेत 2008 साली यावर एक अभ्यास छापून आला, बालवाडीच्या वयाच्या पोरांना क्लिफर्ड नावाच्या मोठ्या लाल कुत्र्याच्या कार्टूनचा एक भाग दाखवला, त्यात तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे आधी त्याच्यापासनं लांब राहतात, शेवटी मैत्री होते. मोठ्यांना वाटणार, वेगळ्या माणसाला सामावून घ्या हा धडा. पोरांना विचारलं काय शिकलात, तर बऱ्याच जणांचं उत्तर, तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागायचं. बास. कुत्र्याच्या पुढं गोष्ट गेलीच नाही.

तुमची पोळी तीच. मेमरी ब्रेडच्या (पानावर दाबून खाल्ला की पान पाठ होतं असा ब्रेड) त्या गोष्टीत नोबिता पानं छापून छापून इतका ब्रेड खातो की पोट बिघडतं, संडासला जाऊन येतो आणि सगळं पाठांतर तिकडंच जातं. म्हणजे गोष्ट सांगतीय की असला शॉर्टकट अंगाशी येतो. तुमच्या मुलानं काय उचललं? ब्रेड. यात त्याचा दोष नाही, डोरेमॉनचा पण नाही, शेजारी बसून "मग पुढं काय झालं रे त्या ब्रेडचं?" एवढं विचारणारं कुणी नव्हतं इतकंच. तुम्ही त्या वेळी कुकर लावत असणार, मला माहितीय, दोष देत नाहीये.

भीमचं पण तसंच बघा. तुमच्या मिस्टरांचं चुकलंय असं नाही, 2008 पासनं हैदराबादच्या कंपनीनं काढलेला आपला देशी पोरगा आहे, ढोलकपूरच्या लोकांना मदत करतो, मित्रांना सोडत नाही, धाडसी आहे, चांगलाच आहे तो. पण तुमचा मुलगा त्यातनं काय वेचणार? लाडू खाल्ला की ताकद येते आणि ताकद आली की प्रश्न ठोसा मारून सुटतो, हे दर भागात दिसतं, मदत करणं त्या मानानं कमी चमकतं. भीमशी दांडगाई करणाऱ्या कालियाला तर सगळे हसतात, आणि कालिया घरात कुणाला करायचं हे धाकटी भावंडं असलेल्या घरांत विचारा. मी भीम बंद करा म्हणत नाही. मी म्हणते, आदर्श म्हणून शिक्का मारून लावून दिला आणि आपण कामाला लागलो असं करू नका. पात्रांत मोठी माणसं पण किती गुंततात बघा, 2020 मध्ये भीमचं लग्न मैत्रीण चुटकीशी न होता राजकन्या इंदुमतीशी झालं अशी हूल उठली तर ट्विटरवर 'चुटकीला न्याय द्या' म्हणून मोहीम चालली, शेवटी कंपनीला सांगावं लागलं की अहो ती पोरं लहान आहेत, लग्नबिग्न काही नाही.

शिनचॅनबद्दल मात्र मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं आहे. आई-बापांना हे फारसं माहीत नसतं, पण शिनचॅन 1990 मध्ये जपानात सुरू झाला तो मोठ्यांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांचं पोर आई-बापाची कशी फजिती करतं हे वाचून थकलेल्या मोठ्यांनी हसायचं, असा तो विनोद. आपल्याकडं 2008 मध्ये तो बंद करायला लावला होता, मग काटछाट करून परत आला. काटछाट झाली तरी विनोदाचं मूळ तेच राहतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते विनोद म्हणून कळतं, सातव्या वर्षी आजीला बोलायची एक नवी पद्धत म्हणून कळतं. तो काही वर्षं बाजूला ठेवायला काहीच हरकत नाही, आणि का ठेवतोय ते मुलाला सरळ सांगा, "आजीला वाईट वाटलं" एवढं कारण पुरतं.

हिंदीचं फार टेन्शन घेऊ नका. बांगलादेशात 2013 मध्ये पोरं बांगला सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून हिंदीतला डोरेमॉन बंद केला होता, म्हणजे ही काळजी तुमच्या एकटीची नाही. पण आपलं सोलापूर म्हणजे शेजारच्या काकू तेलुगूत हाक मारणार, दुकानदार कन्नडमध्ये भाव सांगणार, रिक्षावाले काका दखनीत बोलणार, अशा गावातल्या पोराला एक भाषा जास्त झाली म्हणून काही बिघडत नाही. तो हिंदीत बोलला तर तुम्ही मराठीत उत्तर द्या आणि जेवायला वाढा. त्याला वाचायला यायला लागलं असेल तर 'चिंटू' आणून द्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 1991 च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये सुरू झाला, त्याची पुस्तकं मिळतात, तीन-चार चौकोनांत गंमत संपते त्यामुळं दुसरीतल्या पोराला दम लागत नाही. आणि चिंटू कुणाला काही शिकवत नाही, तो पप्पू, मिनी, बगळ्या यांच्याबरोबर उचापती करतो, घरात बोलणी खातो, म्हणूनच मला तो आवडतो. तुम्ही 'चांगलं कोणतं' विचारलं होतंत ना, माझं उत्तर हे असलं आहे, ज्याच्या घरात आई ओरडते, अभ्यास असतो, मित्राशी भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी परत खेळायला जातात असं कुठलंही. मग तो चिंटू असो नाहीतर नोबिता. थोर माणसं लहान मुलांपुढं येतात ती एकदम पुतळा होऊनच येतात, तलवार घेऊन किंवा पुस्तक घेऊन, त्यांचा आदर पोरांना वाटतो, वाटायलाच पाहिजे, पण आज शाळेत डबा सांडला तर काय करायचं हे त्यांना कसं विचारणार?

आता रिक्षा.

"माझ्याकडं पण डोरेमॉन पायजे" असं तो कधी म्हणतो ते आठवून बघा. शाळेतनं आल्यावर म्हणतो का? नोबिताच्या गोष्टीत रोज काय होतं, जियान म्हणून एक दांडगा पोरगा आहे, तो याची वस्तू हिसकावतो, मारतो, त्याचा जोडीदार सुनिओ बाजूला उभा राहून दात काढतो, आणि नोबिता रडत घरी येऊन डोरेमॉनला सगळं सांगतो. तुम्ही लिहिलंय की मोठी पोरं चिडवतात आणि तो सांगत नाही. मला तर वाटतंय तो सांगतोय, गेले कित्येक दिवस सांगतोय, फक्त स्वतःचं नाव न घेता. आणि गंमत बघा, ज्या रडण्यावरनं सासरे त्या नोबितावर चिडलेत, त्या बाबतीत तो तुमच्या मुलापेक्षा बरा आहे, तो निदान घरी येऊन सांगतो तरी.

म्हणून तुम्ही एक करा. कार्टून बघताना शेजारी बसा, हातात मटार सोलायला घेतलेत तरी चालेल, आणि अगदी सहज विचारा, "तुमच्या रिक्षात जियान कोण आहे रे?" 'तुला कोण त्रास देतं' असं विचारलं की पोरं मिटतात, कारण त्यात आपण मार खाल्ला हे कबूल करावं लागतं. जियान कोण हे सांगायला सोपं जातं. तो जे सांगेल ते आधी पूर्ण ऐका, "मग तू काय केलंस, तू पण दे की एक ठेवून" हे बाबांना लगेच म्हणू देऊ नका. काही निघालंच तर रिक्षावाल्या काकांशी बोला, जागा बदलून पुढं बसवायला सांगा, बाईंच्या कानावर घाला. दुसरीतल्या पोरानं पाचवीतल्या पोरांना एकट्यानं तोंड द्यावं ही अपेक्षा जपानी मांजरानं पण कधी ठेवली नाही. कदाचित काहीच नसेल, नुसती चेष्टामस्करी असेल. तरी विचारा.

तुमच्यासारखं पत्र लिहायचं ज्यांच्या मनात असेल, मुलगी दिवसभर 'फ्रोझन'मधल्या एल्साच्या झग्यात फिरते म्हणून किंवा मुलगा सगळ्यांना मोटू-पतलूसारखं ढकलतो म्हणून, त्यांनाही मी हेच सांगेन, पात्र बदलायच्या आधी मुलाला त्या पात्रातली कुठली गोष्ट परत परत करायला आवडते ते बघा. झगा आवडतो, का हातातनं बर्फ निघतो ते आवडतं, का ती दार बंद करून बसते ते? तिन्हीचा अर्थ वेगळा आहे. हे बघायला आठवड्यातनं एक-दोन भाग बरोबर बसून बघावे लागतात, त्याला इलाज नाही. वेळेचं म्हणाल तर इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं 2021 मध्ये सांगितलंय, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन, त्यात मोबाईल पण आला. आणि जमेल तिथं टीव्हीवर लावा, मोबाईलवर एक भाग संपला की आपोआप दुसरंच काहीतरी सुरू होतं आणि दहा मिनिटांनी पोरगं काय बघतंय ते आपल्याला माहीतही नसतं.

कार्टूनच्या पात्राचा एक खरा उपयोग सांगते, आदर्श वगैरे म्हणण्यापेक्षा हा जास्त कामाचा आहे. अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी आयपॅडवर गेम ठेवला, पाहिजे तेव्हा उठून खेळा म्हणून. काहींना सांगितलं मधनं मधनं स्वतःला विचारा, 'मी नीट काम करतोय का'. काहींना सांगितलं बॅटमॅन नाहीतर बॉब द बिल्डर असं एखादं पात्र बना, त्याचं काहीतरी अंगावर घाला, आणि विचारा, 'बॅटमॅन नीट काम करतोय का'. पात्र बनलेली पोरं सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. 2017 साली छापून आलाय हा प्रयोग. तुम्ही पाढ्यांच्या वेळी करून बघा की, एक जुनी ओढणी खांद्याला बांधायची आणि स्वयंपाकघरातनं ओरडायचं, "भीमचा सातचा पाढा कुठपर्यंत आलाय?" इथं मात्र नोबिता घेऊ नका, तो झोपून जाईल. म्हणजे मिस्टरांचा भीम असा कामाला आला, त्यांना सांगा, त्यांनाही बरं वाटेल.

राहिली स्पर्धा. आधी बाईंना फोन करून विचारा, कार्टूनमधलं पात्र चालतं का. खरी माणसंच पाहिजेत असं म्हणाल्या तर वाद घालू नका, पण मग निदान त्याला निवडू द्या. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथं आजोबांबरोबर पाठवा. आपल्याच गावात 1910 मध्ये जन्मलेला पोरगा डॉक्टर झाला, 1938 मध्ये चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि 1942 मध्ये तिथंच वारला, ही गोष्ट आजोबांनी सांगितली तर मुलाला भिडेल असं मला वाटतं, पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप एवढ्यात ड्रेसही होतो. भिडली नाही तर नाही.

चालतं म्हणाल्या तर होऊ द्या नोबिता. आणि मग आजोबांना कामाला लावा, भाषण त्यांच्याकडनं बसवून घ्या. नोबितात सांगण्यासारखं काय आहे असं ते विचारतील, तर ही गोष्ट त्यांना द्या: 1974 मध्ये आलेल्या एका भागात डोरेमॉनला परत भविष्यात जायचं असतं, पण नोबिताच्या काळजीनं त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताची गाठ जियानशी पडते. हाक मारली असती तर डोरेमॉन आला असता. नोबिता हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठून परत धरतो, असं इतक्या वेळा की शेवटी जियानच कंटाळून म्हणतो, बाबा मी हरलो. डोरेमॉननं निर्धास्त जावं म्हणून केलेला हा सगळा खटाटोप. यावर सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं बोलला तरी पुष्कळ. फक्त रिक्षाचं आधी निस्तरा, नाहीतर तो यातनं एकच गोष्ट उचलेल, की कुणाला हाक मारायची नाही.

ड्रेपरीवाल्याला नाही म्हणून सांगा, ड्रेस घरातच आहे, पिवळा शर्ट आणि निळी हाफ पँट. चष्मा पार्क चौकात कुठंतरी खेळण्यातला गोल मिळेल, त्याच्या काचा काढून टाका, स्टेजवरच्या लाइटनं डोळ्यापुढं अंधारी येते आणि पोरं अडखळतात.